पानाचा ठसा ग्लेझखाली गायब होतोय, वर ताटल्या वाकतायत, काय चुकतंय?

पानगळ:
नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं हाताने भांडी करायला लागून. चाक अजून जमत नाही, चाकावर बसले की मी मातीला फिरवत नाही, मातीच मला फिरवते, त्यामुळे सगळं काम लाटून नाहीतर वळ्या रचून. झाडं, पानं, साली, बिया याचं वेड लहानपणापासून, फिरायला गेले की खिसे भरून येतात आणि मग ते कपड्यांसोबत धुतलेही जातात, असो.

तर खऱ्या पानांचे ठसे घेऊन पाच ताटल्यांचा सेट करायचा ठरवला. स्टोनवेअर माती (जास्त तापमानाला दगडासारखी घट्ट भाजली जाते ती), साधारण 5 मिमी जाड लाटली, वर पान ठेवून परत एकदा लाटणं फिरवलं, कडेने कापलं आणि खोलगट आकार यावा म्हणून प्लास्टिकच्या वाडग्यात ठेवून वाळवलं. बिस्क म्हणजे पहिली भाजणी 1000 डिग्रीला, मग दुधाळ पांढरं ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, मग दुसरी भाजणी 1220 ला. भट्टी इलेक्ट्रिकच आहे.

निकाल: तीन ताटल्या वाकल्या, टेबलावर ठेवून बोट लावलं की डुगडुगतात. एकीला पानाच्या मधल्या शिरेवरून सरळ चीर. आणि पाचवी, जी धड आहे, तिच्यावर पानच नाही! बिस्क होऊन आली तेव्हा एकेक शीर मोजता येत होती, ग्लेझनंतर फक्त कुठेतरी उंचसखल आहे एवढंच कळतं, बर्फात बुडाल्यासारखं.

अजून एक भानगड. समुद्रावरची वाळू आणली होती, ती एका कपाच्या बाहेरून ओल्या मातीत दाबली, छान खरखरीत झाला, भट्टीतून नीट निघाला. तीन आठवड्यांनी बघते तर कपाला खड्डे! शेल्फवर नुसता ठेवला होता, कोणी हातही लावला नव्हता. छोटे छोटे टवके उडालेत आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका. हे काय आहे?

आणि शेवटचं, हे जरा सांगता येत नाहीये नीट. जी पानं उमटतात तीही रबरी शिक्का मारल्यासारखी दिसतात. मनात जे असतं ते नाही येत.

भट्टीची_राखणदार:
अगं पानगळ, पाचही एकदम पानाच्याच केल्यास! एखादी टेस्ट टाइल तरी करायचीस. जाऊदे, सगळ्यांनी हेच केलंय, मी तर बारा केल्या होत्या.

आधी ती चीर. ताटली हातात घे आणि चिरेच्या कडेवरून नख फिरव. कड गोल लागत असेल आणि ग्लेझ आत वाहिलेलं दिसत असेल तर ग्लेझ वितळायच्या आधीच ती पडली होती, म्हणजे वाळताना नाहीतर बिस्कमध्ये. कड काचेसारखी धारदार लागली तर भट्टी थंड होताना तडकली, म्हणजे भट्टी लवकर उघडलीत. मातीतला क्वार्ट्झ 573 डिग्रीच्या आसपास आकार बदलतो, तापताना फुगतो आणि थंड होताना परत आक्रसतो, तेवढ्या टप्प्यात घाई केली की भांडं कितीही चांगलं असो, जातं. पण तू म्हणतेस सरळ शिरेवरूनच, तर माझी पैज पहिल्यावर.

कारण असं बघ. तुझी माती 5 मिमी. मोठ्या पानाची मधली शीर देठाकडे सहज 2-3 मिमी जाड असते. ती लाटण्याखाली पूर्ण आत गेली की तिथे माती उरली दोन मिमी, बाजूला पाच. पातळ भाग आधी वाळतो, आधी आक्रसतो, बाजूचा अजून ओला, मग ओढाताण. तू स्वतःच तिथे फाडायची रेघ आखून दिलीस. उपाय सोपा आहे, पान पालथं घालून धारदार ब्लेडने मधल्या शिरेचा फुगीर भाग छाटून टाक, देठाकडे जास्त, टोकाकडे कमी. ठशात शीर दिसतेच, फक्त नांगर फिरल्यासारखी दिसत नाही. आणि माती 7 मिमी घे. लाटणं पानावरून एकदाच, एका दमात. दोनदा फिरवलंस की पान किंचित सरकतं आणि शिरा दुहेरी येतात.

पान कुठल्या बाजूने ठेवतेस? शिरा वर आलेली, म्हणजे पानाची पाठ, मातीकडे हवी. गुळगुळीत बाजू दाबलीस तर नुसती बाह्यरेषा मिळते. पान ताजं हवं पण पाण्याने टम्म फुगलेलं नको, तोडून तासभर ठेवलं की लवचिक होतं. फार कोवळं पान लाटण्याखाली चिरडतं आणि त्याचा रस पसरतो, वाळकं चुरा होतं. नेचा उत्तम, कोबीचं बाहेरचं पान तर फारच उत्तम, त्याच्या शिरा कुठेही हरवत नाहीत. ठसा झाला की पान लगेच उपटू नकोस, माती चामड्यासारखी झाली की देठाकडून सुईने उचलून अलगद सोलायचं. राहिला तुकडा तर राहूदे, बिस्कमध्ये जळून जातो, फक्त खोलीची खिडकी उघडी ठेव, धूर होतो.

आता ग्लेझ. दुधाळ पांढरं म्हणजे अपारदर्शक, त्यात टिन नाहीतर झिरकॉन असतं, ते झाकण्यासाठीच बनलंय. त्याने त्याचं काम केलं, तू रागवू नकोस त्याच्यावर. ठशाला असं ग्लेझ हवं जे खोलगट जागी साचून गडद दिसतं आणि उंचवट्यावरून सरकून पातळ होतं. सेलाडॉन नावाचं ग्लेझ याचसाठी, त्यात लोह असतं एखाद-दोन टक्के, बाकी पारदर्शक. पण तुझी भट्टी इलेक्ट्रिक, तिथे ऑक्सिजन भरपूर, तेच लोह तुला निळसर हिरवं न देता मधासारखं पिवळट देईल. मला तो मधाचा रंग वाळक्या पानाला जास्त शोभतो असं वाटतं पण ते माझं.

आणि ग्लेझच्या आधी आयर्न ऑक्साइड. लाल आयर्न ऑक्साइड पाण्यात पातळ कालवून, थोडं पारदर्शक ग्लेझ त्यातच घालून (नाहीतर पावडर सुटत राहते), बिस्क केलेल्या ताटलीवर सगळीकडे फास. भीती वाटेल, चिखल झाल्यासारखं दिसेल. मग ओल्या स्पंजने पूस, स्पंज दर दोन फटक्यांनी धुवायचा नाहीतर तू तेच तेच पसरवतेस. वरचं निघतं, शिरांमधलं राहतं. त्यावर पारदर्शक ग्लेझ पातळ, दोन-तीन सेकंद बुडवून काढायचं, बस. खडबडीत काही असेल तर ओलं करून घास, कोरडं घासू नकोस, ती सिलिकाची धूळ फुफ्फुसात गेली की परत येत नाही.

वाकण्याबद्दल ओलीमाती सांगेल, तिचा तो विषय आहे.

रविवारचा_कुंभार:
वाळूचं मी सांगतो कारण मी स्वतः भोगलंय. ताई, ती वाळू नाही, त्या वाळूतले शिंपले आहेत. समुद्राच्या वाळूत शिंपल्याचा चुरा असतोच, डोळ्याला दिसत नाही एवढा बारीक. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत साडेआठशे-नऊशेच्या आसपास त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे राहतो कळीचा चुना. वर ग्लेझ होतं तिथे तो त्यात विरघळला असेल पण तुम्ही बाहेरून ग्लेझ लावलं नसणार ना? मग तो कण मातीत तसाच बसून राहिला. आणि कळीच्या चुन्याला पाणी दिसलं की काय होतं ते सगळ्यांना माहितीये, फुगतो. पाणी घालायचीही गरज नाही, हवेतला ओलावा पुरतो. दोन-तीन आठवडे हळूहळू फुगत राहतो आणि एक दिवस वरचा टवका उडवतो. तळाशी दिसतो तो पांढरा ठिपका म्हणजे गुन्हेगार स्वतः.

माझी एक बरणी अशीच गेली, रात्री स्वयंपाकघरात टक् करून आवाज आला, वाटलं पाल पडली, सकाळी ओट्यावर बरणीचा तुकडा.

पुढच्या वेळी वाळूवर थोडं व्हिनेगर टाकून बघा, बुडबुडे आले की शिंपले आहेत, ती वाळू मातीत नको. खरखरीतपणाच हवा असेल तर ग्रॉग घ्या, म्हणजे भाजलेल्या मातीचाच चुरा, तो कधी दगा देत नाही उलट तडे कमी करतो. शिंपल्याचा ठसा घ्या खुशाल, पण दाबून उचलून घ्यायचा, आत ठेवायचा नाही. वीटवाले चुनखडीच्या मातीच्या विटा भाजल्या की पाण्यात बुडवतात ते यासाठीच, चुना एकदम विरून मऊ पडतो आणि फोडायची ताकद राहत नाही. पण तुमच्या कपाला आता तीन आठवडे झालेत, उशीर झाला.

पानगळ:
अरे देवा शिंपले!! ती वाळू मी चाळूनसुद्धा घेतली होती आणि स्वतःवर खूश होते. आत्ता व्हिनेगर टाकलं, सोडा फसफसावा तशी फसफसली. कपात आता पेनं ठेवते.

राखणदार ताई, नख फिरवलं, कड गोल आहे, ग्लेझ आत गेलंय. पैज जिंकलात. आणि हो, पान मी गुळगुळीत बाजूनेच दाबलं होतं तीन ताटल्यांवर 🙈

ओलीमाती:
वाकणं माझा विषय कसा झाला ते विचारू नका, पहिल्या वर्षी माझ्याकडे एकही सपाट वस्तू नव्हती.

पानगळ, तू लाटलेली माती टेबलावरून उचललीस कशी? एका कडेला धरून, चादर उचलतो तशी, बरोबर? तिथेच घोळ. मातीला तो बाक लक्षात राहतो. तू परत सपाट केलीस, तुला सपाट दिसली, वाळतानाही गप्प बसली, आणि भट्टीत 1200 ला मऊ पडली की तिला आठवतं आपण वाकलो होतो. कापडावर लाटायचं आणि कापडासकट उचलायचं, किंवा वर पाट ठेवून दोन पाटांच्या मध्ये धरून उलटायचं. मातीला हात लावायचाच नाही.

दुसरं, एकाच दिशेने लाटलीस तर त्या दिशेला ती ताणली जाते आणि आक्रसतानाही तिकडे वेगळी आक्रसते, गोल ताटली अंडाकृती होते. दोन-तीनदा लाटलं की फिरव, पालथी कर. स्टोनवेअर ओल्यापासून भाजेपर्यंत 10 ते 12 टक्के आक्रसतं, म्हणजे 22 सेंमीची ताटली शेवटी 19-20 ची होते, एवढी मोठी हालचाल आहे ही, सगळीकडून सारखी झाली तर ठीक नाहीतर ओढाताण.

तिसरं ते प्लास्टिकचं वाडगं. प्लास्टिक पाणी शोषत नाही. म्हणजे खालची बाजू ओली ती ओलीच, वरची वाळतेय, कड तर सगळ्यात आधी वाळतेय कारण तिला तिन्ही बाजूंनी हवा. प्लास्टरचा साचा असेल तर छानच, नसेल तर वाडग्यात वर्तमानपत्राचे तीन-चार थर घालून त्यावर ठेव आणि कडेवर प्लास्टिकची पट्टी गुंडाळ, म्हणजे मधला भाग कडेला गाठेपर्यंत कड थांबून राहते. हाताने उचलण्याइतकी घट्ट झाली की बाहेर काढून पालथी घाल. वर सगळ्यावर सैल प्लास्टिक, एक आठवडा. हो, आठवडा. मला माहितीये तू दर दोन तासांनी उघडून बघशील, मीही बघते.

तिरकस:
सगळ्यांनी तांत्रिक सांगितलं ते बरोबरच आहे पण तिचा शेवटचा प्रश्न कोणी घेतलाच नाही. रबरी शिक्क्यासारखं का दिसतं? कारण तो शिक्काच आहे. पान बरोब्बर मध्ये ठेवलंय, भोवती गोल कापलंय, सगळीकडे सारखा दाब. झाडावर एक तरी पान असं बसलेलं बघितलंय का? पान वाकतं, दुसऱ्याखाली जातं, कडेला किडीने खाल्लेलं असतं. ताटलीच्या कडेबाहेर अर्धं जाऊदे की. दाब एकीकडे जास्त एकीकडे जवळजवळ नाही, म्हणजे ते विरत जातं.

मी तर म्हणतो सहा महिने पानच वापरू नका. झाडाच्या सालीसारखं हवंय? वळ्या रचून किंवा चाकावर साधं नळकांडं करा, बाहेरून सोडियम सिलिकेट (पाकासारखं चिकट द्रावण) ब्रशने लावा, हीट गनने वरचा पापुद्रा वाळवा आणि मग फक्त आतून बोटांनी हळूहळू बाहेर ढकला. बाहेरून हात लावायचा नाही. वरचा पापुद्रा ताणत नाही, आतली माती ताणते, मग तो फाटतो, अगदी साल फाटते तसा, किंवा तळं आटल्यावर गाळ फाटतो तसा. तुम्ही सालीची नक्कल केली नाहीत, साल जशी होते तसं केलंत. आतून खोड वाढतं आणि बाहेरची साल त्याला पुरत नाही, म्हणून तर ती फाटते. (सिलिकेट वाळलं की काचेसारखं धारदार होतं, ग्लव्हज घाला. आणि कप करू नका त्याचा, ओठ कापेल.)

तसंच वाहत्या पाण्याचं. पूर्ण वाळलेल्या कच्च्या भांड्यावर लाखेचं पॉलिश म्हणजे शेलॅक, त्याने हवं ते चितारा, वाळलं की ओल्या स्पंजने पुसत राहा. शेलॅकखालची माती तशीच राहते, उघडी झिजत जाते, चित्र उंच उठून येतं, कडा मऊ, नदीतल्या गोट्यांसारख्या. भांडं जाडसर घ्या आणि आतून ओलं होऊ देऊ नका नाहीतर हातातच बसकण मारेल.

चिखलफेक:
तिरकस राव, हुबेहूब नक्कल करणाऱ्यांना एवढं हिणवू नका. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये बर्नार्ड पालिसी होता, तो खऱ्या पाली, साप, मासे, बेडूक, नेचे यांचे साचे काढून ताटांवर चिकटवायचा, जिवंत वाटावेत असे, त्याची ताटं आज मोठमोठ्या म्युझियममध्ये आहेत. पांढऱ्या ग्लेझसाठी वर्षानुवर्षं डोकं फोडलं त्याने, एकदा लाकडं संपली तर घरातली टेबलं आणि जमिनीच्या फळ्या भट्टीत घातल्या, हे त्याने स्वतः लिहून ठेवलंय. बायकोचं काय म्हणणं पडलं असेल याचा मी अधूनमधून विचार करतो.

बाकी सोडियम सिलिकेट पहिल्यांदा मी अर्धी बाटली ओतली होती. साल नाही आली, खरूज आली.

तिरकस:
पालिसी मान्य. पण तो शिक्का नाही मारत हो, त्याच्या ताटात पाणी वाहतंय, पाल कडेवर चढतेय, सगळं कुठेतरी निघालंय. मी तेच म्हणतोय.

भट्टीची_राखणदार:
आणि शिक्का न मारता पान आणायचं म्हणाल तर चीनमधल्या जिझोऊच्या भट्ट्या. सुंग राजवटीत, म्हणजे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी, गडद काळसर ग्लेझच्या चहाच्या वाडग्यात खरं पान ठेवून भाजायचे. पान जळून जातं पण त्याच्या राखेतले क्षार ग्लेझमध्ये उतरतात आणि तेवढ्याच जागी फिकट सोनेरी पान राहतं, शिरांसकट, कड दुमडलेली असेल तर दुमडलेलीच. असं एक वाडगं ओसाकाच्या म्युझियममध्ये आहे. ठसा नाही, उंचवटा नाही, पान स्वतःच ग्लेझ झालं. मी सात वेळा करून बघितलं, सहा वेळा नुसता डाग. सातव्यांदा अर्धं पान आलं, ते कोणाला देत नाही.

राखेवरून आठवलं, पानगळ, तुला राखेचं ग्लेझ करावंसं वाटेल, प्रत्येकाला वाटतं. जुना हिशोब म्हणजे दोन भाग राख, दोन भाग फेल्डस्पार (ग्लेझमध्ये वितळणारं एक खनिज), एक भाग चिनी माती, पण तो 1280 च्या वरचा आहे, तुझ्या 1220 ला कोरडं आणि खरखरीत राहील. त्यात फ्रिट, म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच, घालावं लागेल. आणि राख कालवताना ग्लव्हज, ओली राख हाताची सालं काढते.

पानगळ:
दीड महिन्याने परत आलेय, रिपोर्ट द्यायला.

चार ताटल्या केल्या. 7 मिमी, कापडावर लाटून, पाटासकट उलटून. शिरा ब्लेडने छाटल्या (दोन पानं त्यातच फाटली, ती फाटकीच वापरली, तिरकस खूश होतील). आठवडाभर प्लास्टिकखाली, आणि हो ओलीमाती, दर दोन तासांनी उघडून बघितलं. आयर्न ऑक्साइड फासलं तेव्हा रडायला आलं होतं खरंच, सगळी मेहनत गेली असं वाटलं, मग पुसत गेले आणि शिरा एकेक करून वर आल्या, फोटो डेव्हलप होतो तसं.

चारातल्या तीन सपाट! एक अजूनही किंचित डुगडुगते, तीच जी मी घाईत एका कडेला धरून उचलली होती, कोणाला सांगू नका. चीर एकही नाही. ग्लेझ इलेक्ट्रिकमध्ये मधाच्या रंगाचंच आलं, ताई म्हणाल्या तसं, आणि जिथे फाटक्या पानाची कड ताटलीबाहेर गेलीये तिथे ते साचून जवळजवळ तपकिरी झालंय. तीच ताटली सगळ्यात छान दिसतेय. घरच्यांनी विचारलं हे पान किडलेलं का घेतलंस.

सोडियम सिलिकेटचं नळकांडंही केलं एक. आतून ढकलताना तिसऱ्या मिनिटाला बोट आरपार बाहेर आलं. पण त्याच्या वरच्या अर्ध्यात साल फाटलीये, अगदी तशी. तिरकस, भिंत किती जाड ठेवता तुम्ही सुरुवातीला?

तिरकस:
तुम्हाला वाटते त्याच्या दुप्पट. आणि नखं कापा.